एका बाजूचा पडदा

आमच्या जीपचं हूड वानरामुळे गेलं. तसं ते आधीच गेल्यातच जमा होतं. उन्हाने कापड पापडासारखं कडक झालं होतं, शिलाई ठिकठिकाणी उसवली होती, आणि मी दाभणाने घातलेले टाके मूळ कापडापेक्षा जाड झाले होते. पण उभं होतं. मग एका दुपारी काळतोंड्या वानरांची टोळी गावात शिरली. चिंचेवरून पत्र्यावर, पत्र्यावरून जीपवर अशा उड्या सुरू झाल्या, आणि त्यातलं एक थोराड वानर हुडावर पडलं ते थेट आतच, पुढच्या सीटवर. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. ते वानर स्टेअरिंगला हात लावून माझ्याकडे पाहत राहिलं. जणू मीच त्याच्या जागेवर बसायला आले होते. मग ज्या भोकातून खाली आलं त्याच भोकातून वर निघून गेलं.

मला आधी हसू आलं आणि मागोमाग ते विरलं. कारण ती जागा माझी होती, आणि हे आमच्या दोघांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

मी चौथी शिकले. सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. आमच्या घरी आजही मोठ्या जेठांसमोर, म्हणजे यांच्या थोरल्या भावासमोर, मी डोक्यावर पदर घेते आणि ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर भिंतीकडे पाहून सांगतात, किंवा यांना सांगतात, "तिले सांग." यात राग नाही, रीत आहे. पण मी मुळातच लाजाळू. दळण घेऊन चक्कीवर गेले तरी डबा ठेवते आणि न बोलता परत येते.

काही वर्षांपूर्वी यांचा उजवा हात मोडला होता, प्लास्टर होतं. केळी लावायची वेळ, शेतात ठिबकच्या नळ्या न्यायच्या, आणि गडी त्या दिवशी लग्नाला गेलेला. हे म्हणाले, "तू बस. मी शेजारी बसतो. सांगतो तसं कर."

मी म्हटलं, "माझ्याने नाही होणार."

"गोऱ्हे हाकतेस ना? तेच शे. फक्त याला शेपटी नाही."

तो पहिला दिवस मला अजून आठवतो. पाय थोडा दाबला की एवढं लोखंड पुढे सरकतं. पाय उचलला की हळू होतं. हात जरा वळवला की दोन्ही चाकं वळतात. बैलाला निदान नावाने हाक मारावी लागते, समजूत घालावी लागते. हे यंत्र मला ओळखत नव्हतं, माझं शिक्षण विचारत नव्हतं, तरी माझं ऐकत होतं. नळ्या उतरवून झाल्यावर मी बांधावर बसले. देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर जसं काही बोलवत नाही, तसं झालं होतं.

हात बरा झाला तरी यांनी ती जागा परत मागितली नाही. घरापासून पांदीच्या, शेतांमधल्या वाटेच्या, तोंडापर्यंत हे चालवायचे. तिथे बाभळी सुरू होतात. मग आम्ही जागा बदलायचो आणि शेतापर्यंत मी. हे सगळं जमत होतं ते हुडाच्या पडद्यांमुळे. समोरची बाजू सोडून सगळीकडे पडदे होते, त्यांना प्लास्टिकच्या खिडक्या. त्या इतक्या पिवळ्या पडल्या होत्या की आतून जग हळदीच्या पाण्यातून पाहिल्यासारखं दिसायचं आणि बाहेरून आतलं काहीच दिसायचं नाही. समोरची काच ठेंगणी आणि कायम धुळीने भरलेली. पांद अरुंद, त्यामुळे समोरून येणारा माणूस लांबूनच बांधावर चढून उभा राहायचा, आणि तो पाहायला लागेपर्यंत पडदा आडवा यायचा. कोणी "राम राम" केला की हे डाव्या बाजूने "राम राम" म्हणायचे. माणूस उजवीकडे पाहत असायचा. आवाज भलतीकडून कसा येतो, असं पुष्कळांना वाटलं असेल, पण गाडीच्या आवाजात कोण विचार करतो.

एकदा जेठ यांना म्हणाले, "आते तू गाडी बरी चालाडस. सावकाश. पहिले कसा धडाधड नेस." मी आत कणीक मळत होते. ह्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा तांब्या हिंदकळत होता, इतकं मला आतून हसू येत होतं.

वानर आलं आणि हे सगळं थांबलं. हूड काढून टाकल्यावर जीप नुसती लोखंडी पाइपांची उरली. पिंजऱ्याच्याही भिंती असतात. तिला तर काहीच नव्हतं. उघड्या जीपमध्ये, सगळ्या शिवाराच्या डोळ्यांदेखत, स्टेअरिंगवर बसणं मला शक्य नव्हतं. हे रोज विचारायचे, "चालवतेस?" मी नाही म्हणायचे.

मग हुडाची चौकशी सुरू झाली. जेठांचा मुलगा यांना घेऊन जळगावला गेला. तिथे नव्या तऱ्हेच्या जीपचं सामान मिळणारं मोठं दुकान आहे. आता तरुण मुलं तसल्या उघड्या जीप हौसेने घेतात, डोंगरात फिरायला नेतात. त्यांच्या हुडाला चेन, जाळी, घडी घालायची सोय, सगळं तयार येतं. किंमत ऐकून हे परत आले ते पायऱ्यांवरच बसले.

"किती?" मी विचारलं.

ह्यांनी सांगितलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तेवढ्यात दुभती म्हैस येते आणि वर रेडकू. एक कापड, चार पाइपांवर टाकायचं, आणि त्याला म्हैस? मी रात्रीच्या भाकरी करताना त्या कापडाचाच विचार करत होते. असं काय असेल त्यात? हात लावून पाहावंसं वाटलं. कापड इतकं महाग असू शकतं याचं मला वाईट नाही वाटलं, नवलच वाटलं. जगात किती प्रकारची छपरं आहेत.

जेठांचं म्हणणं सरळ होतं. "इकी टाक. भंगारमा दे. घरमा बंद गाडी शे ना."

हे म्हणाले, "धुळ्याला एक कुशनवाला आहे. जुन्या जीपची हुडं तो स्वतः शिवतो. विचारून पाहतो."

"शिवाडी ले मंग फक्त वरला टप."

"पडदे पण लागतील नाना."

"परदा कशाले रे? तुन्ही गाडीमा काय राणी बठस का?"

मी दाराच्या आड होते. हे शांतपणे म्हणाले, "पाऊस येतो ना बाजूने."

"पाऊस समोरथीन बी येस."

हे उठून गोठ्याकडे गेले. हा माणूस कधी खोटं बोलत नाही. केळीच्या व्यापाऱ्याशीसुद्धा बोलत नाही, म्हणून तर भाव कमी मिळतो. आणि माझ्यासाठी मोठ्या भावासमोर पावसाची सबब सांगत होता. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त काहीतरी वाटलं. त्याला काय म्हणतात ते मला चौथीत शिकवलं नव्हतं.

धुळ्याला निघताना हे म्हणाले, "तूच चल. कापड तुला कळतं." माझी मावशी धुळ्याला असते, तिच्याकडे मुक्कामाचं ठरलं. घरी सांगायला तेवढं कारण पुरलं.

उघड्या जीपमधून एवढा लांबचा प्रवास मी कधी केला नव्हता. पदर कानामागून घट्ट बांधला आणि डोळे मांडीवर ठेवून बसले. गिरणेच्या पुलावर वारा असा आला की मान वर करावीच लागली. आणि मग खाली करता आली नाही. वर काहीच नव्हतं. पाइप, आणि पाइपांच्या मधून आभाळ. धरणातून पाणी सोडलेलं होतं, नदी दोन्ही काठ धरून चालली होती आणि तिच्यावर एक घार पंख न हलवता उभी होती. पुलावरून मी कितीतरी वेळा गेलेय. एस. टी.तून, ट्रॅक्टरवरून, जीपच्या हळदी खिडकीतून. पण ही नदी एवढी रुंद आहे हे मला माहीतच नव्हतं. पारोळ्याच्या पुढे मोठा रस्ता लागला. कपाशीने भरलेल्या गाड्या शेजारून जात होत्या, त्यांच्यातून कापूस उडत होता आणि आमच्या उघड्या जीपमध्ये येऊन पडत होता. माझ्या मांडीवर, ह्यांच्या मिशीवर. मी तो झटकला नाही.

वाटेत मला एकदा असं वाटून गेलं की हूड नसलं तर काय होईल. पण ते आभाळ पाहण्यापुरतं. त्या आभाळाखाली गाव आलं, गावातली माणसं आली, की माझा हात पुन्हा पदराकडे जायचा.

धुळ्यात गॅरेजांची लांब ओळ आहे. तिच्या टोकाला कुशनवाल्यांचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. खरं काम बाहेरच्या फरशीवर. कुशनवाले म्हातारे होते, धोतर नि वर खाकी शर्ट, कानावर खडू. ह्यांनी त्यांना आबा म्हटलं. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, पाइपांना हात लावला, टेप सोडली, गुंडाळली. मग फरशी ओली करून पुसली, सुकू दिली, आणि खडूने त्यावर रेघा काढायला बसले.

मी पाहतच राहिले. आधी एक लांब पट्टा आला. मग त्याच्या दोन बाजूंना दोन कान. मग वळणं, मग शिलाईसाठी सोडलेली बोटभर जागा. अख्ख्या जीपचं छप्पर त्यांनी जमिनीवर उलगडून ठेवलं, जसं कोणी शर्ट उसवून त्याचे तुकडे मांडावेत. मी दिवाळीत रांगोळी काढते, ठिपके मोजून काढते. आबांकडे ठिपके नव्हते. डोक्यात जीप होती आणि हातातून ती सपाट होऊन खाली उतरत होती. येणारेजाणारे त्या रेघांना वळसा घालून जात होते. एका कुत्र्यानेसुद्धा घातला.

कापड मी निवडलं. हिरवं, जाड, आतून रबर लावलेलं. हात फिरवला तर भाकरीच्या तव्यासारखं खरखरीत होतं, पण वाकत होतं. भाव यांनी विचारला. नुसता वरचा टप नऊ हजार. जळगावच्या मानाने हे ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

कुशनवाले आबा मग मशीनवर बसले. दुसऱ्या कोणाच्या तरी सीटची शिलाई अर्धी राहिली होती, ती संपवत होते. मशीन मोठं, आवाज असा की जमीन हादरत होती. मी बाजूला उभी होते. उन्हं वर आली होती, बांधलेला पदर मी सैल केला होता आणि तो केव्हा तरी खांद्यावर घसरला होता. आबांनी मान वर न करता मोठ्याने काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं ते असं: "पदर ल्या बाई, पदर ल्या. त्यानाबिगर शोभा नही."

वडीलधारा माणूस, परकं गाव, भर रस्ता, आणि मला पदर घ्यायला सांगावं लागलं. मी घाईघाईने पदर ओढला तो थेट नाकापर्यंत. पुढचं काही दिसेना. मशीन थांबलं. मग आबांचा आवाज आला, अगदी घाबरलेला.

"अवो बाई, तुम्हले नही! जीपले! जीपले परदा ल्या म्हनस मी!"

पहिल्यांदा हे हसले. मग शेजारच्या गॅरेजमधला माणूस गाडीखालून हसला, त्याचे नुसते पाय हलताना दिसले. मग आबांना हसू आवरेना, त्यांना खोकला लागला, त्यांनी कानावरचा खडू खाली पाडला. आणि पदराच्या आत मला हसू आलं. असं हसू की ते दाबता येईना. मी पदर मागे सारला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. परक्या माणसांसमोर मी अशी मोकळी कधी हसल्याचं मला आठवत नाही.

"तर मंग," आबा डोळे पुसत म्हणाले, "जीपले परदा लेतस का?"

चार पडद्यांचे वरून सहा हजार. हे लगेच म्हणाले, "घालून टाका." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे त्यांना माहीत होतं.

पण हसण्याने माझ्या तोंडाचं कुलूप जरा सैल झालं होतं. मी विचार केला, मागचा पडदा मला कशाला? डावीकडचा कशाला? मला लागतो तो एकच. मी म्हटलं, "एकच करा. उजवीकडचा."

आबांनी टेप खाली ठेवली. "उजवीकडे? उजवीकडे तं डायव्हर बठस बाई."

"हो," मी म्हटलं.

हे जीपच्या चाकाकडे असे पाहायला लागले, जणू ते चाक आजच दिसलं. आबांनी यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा यांच्याकडे. मग कानावर नवा खडू ठेवला आणि म्हणाले, "मंग बठा."

"कुठे?"

"तुमनी जागावर. माप लेवानं शे. बारी तुमना डोयासले येवाले पाहिजे ना." बारी म्हणजे पडद्यातली खिडकी.

आपल्या जागेवर बसायचं. भर रस्त्यावर, वर छप्पर नाही, बाजूला पडदा नाही, गॅरेजची सगळी ओळ समोर. मी यांच्याकडे पाहिलं. ते अजून चाकच पाहत होते. मी पायरीवर पाय ठेवला आणि चढून बसले. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, कारण दुसरीकडे कुठे ठेवावेत ते कळेना. आबांनी सीटपासून माझ्या डोळ्यांपर्यंत टेप धरली. समोरून ट्रक गेला, उसाच्या रसाचा चरक फिरत होता, एक बाई डोक्यावर पाट्या घेऊन गेली. मला वाटलं होतं सगळा रस्ता थांबेल. रस्ता चालूच होता. मला त्या रस्त्याचं फार आश्चर्य वाटलं. त्याला माझी काहीच पडलेली नव्हती आणि ते किती बरं होतं.

"बारी बारीक करस," आबा म्हणाले. "तुम्हले बठ्ठं दिसी. लोकेसले फक्त डोया दिसतीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी हूड चढलं. फरशीवर सपाट पडलेल्या रेघा आता वर उभ्या होत्या, ताठ, एक सुरकुती नाही. बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजलं. आत बसल्यावर हिरवा उजेड होता, केळीच्या बागेत भर दुपारी असतो तसा. आणि उजवीकडे एक पडदा, टिचबटणांचा, त्यात माझ्या डोळ्यांच्या उंचीची लांबट खिडकी. हे माझ्यापेक्षा हातभर उंच. धुळ्याहून गावापर्यंत ह्यांना त्या खिडकीतून बाजूचं पाहायला प्रत्येक वेळी वाकावं लागलं. पारोळ्यापर्यंत मान आखडली. "गाडी कोणाची आहे ते कळलं," एवढंच म्हणाले.

माझी चूक मला पांदीत कळली, आणि तीही उशिरा. घरी न थांबता आम्ही सरळ शेताकडे निघालो होतो. बाभळी सुरू झाल्या, आम्ही जागा बदलल्या, मी पडद्याआड बसले. खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत होतं. हळद गेली होती. कपाशीची बोंडंन्‌बोंडं दिसत होती. मी खुशीत होते. आणि पुढच्या वळणावर डाव्या हाताच्या बांधावर जेठ उभे.

डाव्या हाताच्या. जिकडे पडदा नव्हता. जिकडे हे बसले होते, दोन्ही हात मोकळे, मांडीवर मावशीने दिलेल्या पापडांचा डबा.

एकच पडदा म्हणजे पडदा नसल्यासारखाच, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. यांच्या आलं होतं की नाही, ते ह्यांनी अजून सांगितलेलं नाही.

मी गाडी थांबवली. पाय आपोआप ब्रेकवर गेला. पडद्याआड असूनही मी पदर पुढे ओढला. जेठांनी यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग वाकून आत, पार उजव्या टोकापर्यंत पाहिलं. बाभळीवर होला घुमत होता.

"म्हनजे," ते यांना म्हणाले, "ते सावकाश चालाडनारं तू नव्हतास."

"नाही नाना."

जेठ मागच्या बाजूला गेले. मला वाटलं, घरी चालले, आता संध्याकाळी सगळं घर गोळा होईल. तेवढ्यात जीप मागून हलली. ते मागे चढून बसले होते. पाइप धरल्याचा आवाज आला.

"तिले सांग," ते म्हणाले, "माले बी वावरपर्यंत येनं शे."

यांना काही सांगावं लागलं नाही. मी पहिला गिअर टाकला. माझ्या मागे माझे मोठे जेठ बसलेत आणि मी त्यांना नेतेय, हे मला खरं वाटत नव्हतं. खड्डा आला की मी इतकी हळू होत होते की बैलगाडी पुढे गेली असती. आरशात ते दिसत होते. ते वर पाहत होते, हिरव्या कापडाकडे, शिलाईवरून बोट फिरवत.

"केवढाले पडनं हाई?" त्यांनी विचारलं.

यांनी सांगितलं, टपाचे नऊ आणि एका पडद्याचे दीड.

जेठांनी पुन्हा एकदा टपाला टिचकी मारली. "स्वस्त पडनं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, कोणाकडेच न पाहता, "तिले सांग, पुढे उजवीकडे चर शे. सांभाळीसन."

चर मला दिसला होता. खिडकी बरोबर माझ्या डोळ्यांपाशी होती.